चंदी : पानिपतावरच्या गेमच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

गेमचं नाव तूर्तास 'चंदी' ठेवलंय. आत्तापर्यंत ज्याला ज्याला सांगितलं त्याने 'चांदी' वाचलं, मग मी सांगायचं की बाबा चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, चंदी-वैरण मधली चंदी, मग समोरचा 'अच्छा अच्छा' म्हणतो आणि विषय बदलतो. नाव म्हणून बेकार आहे हे मान्य. पण गेम खरंच त्याच्यावरच आहे.

थोडक्यात काय तर रोल-प्लेइंग गेम, खेळणारा म्हणजे सदाशिवरावभाऊ. मार्च १७६० मधे पटदूरच्या छावणीतून निघायचं आणि १४ जानेवारी १७६१ ला थांबायचं. दहा महिने, त्यातली शेवटची लढाई एका दिवसाची, तीही सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होऊन दिवस मावळायच्या आत निकालात निघालेली. आणि सगळ्यात मोठी अडचण पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, मराठी माणसाला याचा शेवट सांगावा लागत नाही. 'पानिपत झालं' हे आपण परीक्षेत नापास झाल्यावरपण म्हणतो. स्पॉयलर भाषेतच बसलाय, आता काय करणार.

टीम तीन जणांची. मी कोड आणि लिखाण, एक मित्र चित्रं काढतो, आणि एक दादा आहेत ज्यांनी मोडी शिकलीये आणि जे आमच्या प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारतात.

११ फेब्रुवारी

जुना प्रोटोटाइप आज फोल्डरसकट उडवला. तीन महिन्यांचं काम होतं पण खेळताना भाऊ म्हणजे आकाशात बसलेला देव वाटायचा, वरून सगळं रणांगण दिसतंय, गारदी (कवायती बंदूकवाले) इकडे, हुजुरात (पेशव्यांची खास फौज) तिकडे, माउसने ओढा आणि सोडा. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या खेळीत प्रत्येकजण जिंकायचा कारण अब्दालीची राखीव फौज दुपारी कुठून येणार हे एकदा कळलं की झालं. म्हणजे शिकलात काय, तर एका नकाशाचं उत्तर पाठ केलंत.

सेनापती असणं म्हणजे हे नव्हेच. तीस वर्षांचा माणूस, उदगीरला नुकताच निजामाला हरवून आलेला, उत्तरेत कधी एवढी फौज घेऊन गेलेला नाही, आणि समोर बसलेले मल्हारराव होळकर सदुसष्टीच्या आसपासचे, ज्यांचा जन्म तिकडच्या राजकारणात गेलाय. शेजारी जनकोजी शिंदे अजून मिसरूड फुटायच्या वयाचा, त्याचा काका दत्ताजी जानेवारीतच बुराडी घाटावर पडलेला. या लोकांना सांभाळायचं, ते पण पगार थकलेला असताना. हा खरा गेम आहे.

१९ फेब्रुवारी

चंदीचं गणित बसवलं. आठवडाभर याच्यावरच होतो, पण याच्याशिवाय बाकी सगळं हवेत.

गेममधे धरलंय की घोड्याला रोज चार किलो दाणा, त्यावर वैरण वेगळी. वैरण वाटेत कापता येते, दाणा नाही. पाठीवर ओझं वाहणारा बैल सव्वाशे किलो नेतो असं धरलं तर हजार घोड्यांच्या एका दिवसाच्या दाण्याला बत्तीस बैल लागतात. तीस हजार घोडी धरली तर रोज जवळजवळ हजार बैल नुसते दाण्याचे, आणि बैलपण खातो ना बाबा. हत्तीचं तर बोलायलाच नको. हे सगळं आणणार कोण, तर बंजारे. ते कुणाचे नोकर नाहीत, रोकडा मिळाला आणि वाट सुरक्षित असली तर येतात, नाहीतर नाही. गेममधे बंजारे सैन्याच्या मागे येताना दिसतात आणि एक दिवस दिसत नाहीत. कुठलाही मेसेज येत नाही. मित्र म्हणाला निदान एक घंटी तरी वाजव, मी म्हटलं नको, लक्ष ठेवणं हेच तर काम आहे.

आणि शिलेदार-बारगीर हा फरक टाकला, जो मला सगळ्यात आवडलाय. बारगिराचं घोडं सरकारी पागेतलं, मेलं तर सरकारचं नुकसान. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, ते मेलं की त्याची रोजीरोटीच गेली. त्यामुळे गेममधे शिलेदारांची तुकडी चंदी कमी पडायला लागली की हुकूम ऐकते पण हळू ऐकते. धाव म्हटलं तर दुडकी. खेळणाऱ्याला वाटतं कंट्रोल लॅग होतोय. एका टेस्टरने तसा बगपण नोंदवला, मी तो 'बरोबर आहे' म्हणून बंद केला.

६ मार्च

पत्रं. नकाशावर जे दिसतं ते 'आत्ता' नाही, शेवटचं पत्र निघालं तेव्हाचं आहे. पेशव्यांचे तिकडचे मामलतदार गोविंदपंत बुंदेले इटाव्याकडे आहेत असं नकाशा दाखवतो, पण तो निशाण फिकट होत जातो, जितकं पत्र जुनं तितका फिकट, आणि अगदी पुसट झाला की समजायचं की आता हा माणूस कुठे आहे हे देव जाणे. जासूद वाटेत पकडला गेला तर पत्र येतच नाही, आणि पकडला गेला हेही कळत नाही.

भाऊंनी गोविंदपंतांना पैशासाठी, नावांसाठी पत्रांवर पत्रं पाठवली होती. यमुना ओलांडून दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, उतरायचं आणि पंतांना जाऊन मिळायचं असा बेत, पण पावसाने नदी फुगली आणि तो बेत बारगळला. गेममधे खेळणारा मे-जूनमधे नावा मागवतो, पंतांचं उत्तर येतं की जमवतोय, आणि तोपर्यंत पाऊस. इथे लोक चिडतात. 'मी वेळेत हुकूम दिला होता.' हो दिला होतास, पोचला कधी ते बघ.

पत्रांवर तारखा खऱ्या पद्धतीने टाकल्या होत्या, म्हणजे 'छ' घालून चंद्र आणि अरबी महिना, जमादिलावल वगैरे. दादा खूष, टेस्टर शून्य. शेवटी खाली बारीक अक्षरात तिथी आणि इंग्रजी तारीख दिली. दादा दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच सगळ्या पत्रांच्या तारखा जुळवून दिल्या.

१४ मार्च

पूर्ण दिवस एका बगमधे गेला तो लिहून ठेवतो कारण मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाला हा चावणार आहे. संवाद टाइपरायटरसारखा एकेक अक्षर उमटत येतो ना, ते. मल्हारराव बोलायला लागले आणि 'स्त्रिया' हा शब्द आधी 'स', मग पाय मोडका 'स्', मग 'स्त', मग परत पाय मोडका, मग 'स्त्र', मग 'स्त्रि' अशी नाटकं करत आला. वेलांटी उशिरा येऊन मागच्या अक्षराच्या डाव्या अंगाला जाऊन बसते त्यामुळे अख्खी ओळ प्रत्येक वेळी हलते. वाचणाऱ्याला उचकी लागल्यासारखं दिसतं.

ज्यावर गेम बांधतोय त्या गोडो इंजिनच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट जुळतात, फॉन्टचा दोष नव्हता. दोष माझा, मी युनिकोडचे कॅरेक्टर मोजत होतो. मग ग्राफीम क्लस्टरने, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या अख्ख्या अक्षराने, मोजलं तरी 'स्त्रि' तुटतंच, कारण जुन्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडतो, हा नियम युनिकोड १५.१ मधे सुधारला. शेवटी स्वतःच फंक्शन लिहिलं की हलन्त दिसला आणि पुढे व्यंजन असलं तर तोडायचं नाही. अकरा ओळी. त्यासाठी सकाळचे दहा ते रात्रीचे नऊ.

२३ मार्च

बुणग्यांचा, म्हणजे फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या माणसांचा प्रश्न. इथे मी अडकलो होतो आणि आत्ता थोडा सुटलोय.

फौजेबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त होती, बायकामुलं, यात्रेकरू, दुकानदार, नोकरचाकर. सूरजमल जाटाचा सल्ला होता की कबिले (कुटुंबं) आणि जड सामान मागे ठेवा, सडे व्हा, म्हणजे नुसती हलकी फौज घेऊन चला. भाऊंनी ऐकलं नाही. आता खेळणाऱ्याला हा पर्याय दिला की शंभरातले शंभर 'मागे ठेवा' दाबतात, कारण त्यांना जानेवारी माहितीये. आणि दाबून झाल्यावर चेहऱ्यावर असा भाव की बघा, भाऊपेक्षा मी हुशार.

पहिला उपाय मूर्खपणाचा होता, मी पर्यायच काढून टाकला. मित्र म्हणाला, "अरे मग गेम कशाला करतोयस, व्हिडिओ काढ ना."

बरोबर होतं त्याचं. मग दादांबरोबर बसलो आणि उलट प्रश्न विचारला, की समजा ठेवायचं ठरवलं, तर काय काय लागेल? एक, राखायला फौज, आणि ती घासूनपुसून ठेवलेली, कारण ज्या सरदारांची कुटुंबं मागे राहणार ते आपलीच चांगली माणसं तिथे ठेवा म्हणणार. दोन, तिथेपण रोज दाणा आणि पैसा. तीन, यात्रेकरूंना तुम्ही आणलेलंच नाही, ते फौजेच्या आडोशाने तीर्थयात्रेला आलेत, त्यांना थांबा म्हटलं तरी ते मागून येणारच. चार, आणि हे महत्त्वाचं, ज्याच्या किल्ल्यात ठेवणार त्याच्या हातात तुमची मान. सूरजमल दिल्लीनंतर निघून गेला. समजा तुमच्या बायका त्याच्याकडे असत्या तर?

आता गेममधे हा पर्याय आहे. दाबता येतो. दाबल्यावर चार जण एकामागून एक तंबूत येतात आणि काहीतरी मागतात, प्रत्येकाचं मागणं वाजवी असतं. सहा टेस्टरपैकी चार जणांनी तिसऱ्या माणसानंतर निर्णय फिरवला. दोघांनी रेटून नेला, ते पुढे वेगळ्या पद्धतीने अडचणीत आले, पण आले अडचणीतच असं मुद्दाम केलेलं नाही, एक जण बराच पुढे गेला.

मल्हाररावांचा या जागचा संवाद सातव्यांदा लिहिला. आधी ते फार शहाणे म्हातारे झाले होते, टीव्हीवरच्या भीष्मासारखे. आता असं आहे:

"सुभेदार, तुमचं मत?"
"मत विचारता भाऊसाहेब, की मोजता?"

आणि पुढे ते बोलतच नाहीत, खेळणाऱ्यानेच काहीतरी बोलावं लागतं. दादा म्हणाले हे ठीक, हे कुठल्या कागदात नाही पण कुठल्या कागदाच्या विरोधातपण नाही.

५ एप्रिल

दिल्ली. ऑगस्ट १७६०, किल्ला हातात आला, खजिना रिकामा. गारद्यांचा पगार रोख लागतो, इब्राहिमखानाची पलटणं कवायती आहेत, फ्रेंचांच्या शिस्तीतली, लुटीच्या वाट्यावर चालणारी नाहीत. मग दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली.

मित्राने काय सीन केलाय. खेळणारा रिकाम्या दालनात उभा आहे, वर बघितलं की चांदी चमकते, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आपला नेहमीचा दाण्याचा आकडा लाल झालेला. कुठलाही पर्याय लिहिलेला नाही, नुसती मान वर करता येते आणि खाली करता येते. वर बघत तीन सेकंद थांबलं की सुतार आत येतात. चांदीची चंदी! नावाचा अर्थ इथे पहिल्यांदा लोकांना लागतो आणि मी हे ठरवून केलं नव्हतं, पण मुलाखतीत ठरवून केलं असंच सांगेन.

२० एप्रिल

तरावडीचा (कुरुक्षेत्राकडच्या वाटेवरचं गाव) प्रसंग चालू झाला. १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, धान्य सापडलं, छावणीत दिवाळी, आकडा कित्येक महिन्यांनी हिरवा. इथून खेळणारा कुरुक्षेत्राकडे निघतो. आणि तिकडे अब्दाली बागपतला यमुना उतरतोय, फुगलेल्या नदीतून, माणसं वाहून जातायत तरी उतरतोय. खेळणाऱ्याच्या नकाशावर तो अजून पलीकडच्या काठावर, जरासा फिकट.

बातमी तरावडीला येते. तोवर तो अलीकडे. म्हणजे आता तो दिल्ली आणि तुमच्या मधे. तुम्ही त्याच्या घरच्या वाटेवर आणि तो तुमच्या घरच्या वाटेवर, असं उलटंसुलटं झालेलं जगात फार कमी वेळा झालं असेल.

टेस्टमधे एक मुलगी इथे पाच मिनिटं काहीच न करता बसली. मग म्हणाली, "मला परत कुंजपुऱ्याला जाऊन दोन दिवस आधी हेर पाठवायचेत." सेव्ह गेम उघडायला गेली. आमच्याकडे एकच सेव्ह आहे आणि तो पुढेच जातो. शिव्या पडल्या, रेटिंगमधे पण पडतील.

८ मे

पानिपतचा वेढा म्हणजे गेमचा सगळ्यात संथ भाग, आणि मला तो तसाच हवाय, पण संथ आणि कंटाळवाणं यातली रेघ सापडत नाहीये. नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी. चकमकी होतात, ७ डिसेंबरला भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडतात, त्याच महिन्यात गोविंदपंत मारले जातात आणि अब्दालीची रसद तोडायचा प्रयत्न तिथेच संपतो. पतियाळाकडून आलासिंगाचं धान्य येत होतं तेही आटतं. रोज सकाळी उठून मोजदाद. टेस्टर पंधराव्या दिवशी पुढे ढकलायचं बटण शोधतात.

एक गोष्ट चालली. दिल्लीहून खजिना घेऊन घोडेस्वारांची एक तुकडी रात्री निघाली होती, प्रत्येकाजवळ रुपयांच्या थैल्या, अंधारात वाट चुकली आणि ते आपली छावणी समजून थेट अब्दालीच्या गोटात शिरले, मराठीत बोलत. कापले गेले. हे आम्ही आवाजात केलं. स्क्रीन काळी. टापा. एक जण दुसऱ्याला म्हणतो, "आलो रे, आलो." पहाऱ्यावरून कुणीतरी काहीतरी विचारतं जे आपल्याला कळत नाही. पलीकडे टापा थांबतात. मग लगेच भाऊंच्या तंबूत सकाळ, आणि खजिन्याचा निशाण नकाशावर अजून दिल्लीहून निघालेलाच, हळूहळू फिकट होत. खेळणाऱ्याला माहितीये, भाऊला नाही. अख्ख्या गेममधे ही एकच जागा जिथे मी खेळणाऱ्याला जास्त माहिती दिलीये. त्यानंतर कुणी बटण शोधलं नाही.

२७ मे

संक्रांतीवरून भांडण. मित्राने १४ जानेवारीच्या सकाळसाठी तीळगुळाचा सीन काढून ठेवला, सुंदर होता, आईने दिलेला तीळगूळ शिपाई कमरेला बांधतो वगैरे. दादांनी विचारलं, कशावरून? मग हिशोब केला. संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने, असल्यामुळे इंग्रजी तारखेत हळूहळू पुढे सरकते, स्वामी विवेकानंद १८६३ मधे संक्रांतीला जन्मले तेव्हा तारीख १२ जानेवारी होती. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की ती आणखी आधी येते. म्हणजे १७६१ ला १४ तारखेच्या आधीच संक्रांत होऊन गेलेली. त्या दिवशी होती पौष शुद्ध अष्टमी.

तीळगूळ गेला. त्याऐवजी लढाई डोळ्यांनी बघितलेल्या काशीराज पंडिताच्या हकिगतीत आहे ते घेतलं, आदल्या रात्री उरलेलं धान्य वाटून पोटभर खाल्लं आणि सकाळी तोंडाला हळद लावून बाहेर पडले. गेममधे त्या रात्री दाण्याचा आकडा पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या मर्जीने शून्यावर जातो. मित्र अजून थोडा नाराज आहे. सीन कुठेतरी दुसरीकडे वापरू असं म्हणालोय, दोघांनाही माहितीये की नाही वापरणार.

१६ जून

लढाई. शेवटी करावी लागलीच. नियम एकच ठेवला, भाऊ हत्तीवर आहे तोवर नकाशा आहे. पण नकाशापण धुराआडचा, आघाडी काही कोस पसरलेली, आणि हुकूम स्वार घेऊन जाणार. पूर्ण दिवसात खेळणाऱ्याला मोजून सहा-सात हुकूम देता येतात. इब्राहिमखानाच्या तोफा आणि पलटणं अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना भाजून काढतायत ते दिसतं, आणि विंचूरकर-गायकवाडांचे घोडेस्वार ठरलेली गोलाची रचना मोडून पुढे घुसतात, ते रोहिल्यांच्या बंदुकांपुढे मार खाऊन परत येतात, हेही दिसतं. थांबवायला स्वार पाठवलात तर तो पोचेपर्यंत झालेलं असतं.

मग दुपारी विश्वासराव पडतात. अठरा वर्षांचा पोरगा, गोळी लागून. इथे दोन पर्याय, हत्तीवर थांबा किंवा घोड्यावर बसा. घोड्यावर बसलात की नकाशा जातो, कायमचा. समोर फक्त दहा पावलांवरचं दिसतं. मागे रिकामी अंबारी दिसून फौजेचा धीर सुटतो ते तुम्हाला दिसतपण नाही, नुसता आवाज बदलतो.

मला वाटलं होतं लोक हत्तीवर थांबतील, शेवट माहितीये ना सगळ्यांना. नऊ जणांनी खेळलं, सात जण खाली उतरले. एकाला विचारलं का रे, तर म्हणाला, "काय माहीत. दहा महिने त्या पोराला बरोबर घेऊन फिरत होतो." नंतर घरी येऊन मी शिल्लक राहिलेल्या दोघांची खेळी परत बघितली. त्यातला एक बटणावर बराच वेळ माउस ठेवून होता.

होळकर निघून जातात तो भाग दादा आणि मी दोघांनी मिळून लिहिला. कुठेही 'पळाले' शब्द नाही आणि कुठेही सफाई नाही. त्यांच्या बाजूचा आवाज कमी होतो, एवढंच. याच्यावर लोक भांडणारच आहेत, भांडोत.

२९ जून

लढाईनंतर गेम वीसेक मिनिटं चालतो. भाऊ संपला, आता खेळणारा एक बुणगा, नाव नाही, पाठीवर कुणाचं तरी पोर. कुठलाही आकडा नाही, दाणा नाही, नकाशा नाही. दक्षिणेकडे जायचं.

मित्राने पाठलागाच्या रात्रीला पूर्ण चंद्र काढला होता कारण पाठलाग चांदण्यात झाला असं हकिगतीत आहे. पण अष्टमी होती ना. अष्टमीचा चंद्र अर्धा, तिन्हीसांजेला डोक्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळणार. परत बदलायला लावलं, तो बोलला ते इथे लिहीत नाही. पण बदलल्यावर गेमच बदलला. अर्धी रात्र उजेड आहे, धावलात की दिसता. टेस्टर पहिल्यांदा धावतात आणि मरतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणाच्या तरी लक्षात येतं की चंद्र खाली चाललाय, मग ते उसात आडवे पडतात आणि नुसतं वर बघत राहतात.

बाकी आहे ते: पोराच्या रडण्याचा आवाज फार मोठा आहे, कमी करणे. चंद्र झाडाच्या मागून जाताना लुकलुकतो, तो शेडर बघणे. उसाची पानं. ऊस तिकडे त्या काळात होता का, दादांना विचारणे.